पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी गणिताची शिक्षण परिषद: तीन तासांत नेमकं काय करावं?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. मी केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची (केंद्राची) जबाबदारी माझ्याकडे. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात काम करते. केंद्रातल्या बहुतेक शाळा द्विशिक्षकी, म्हणजे पहिली-दुसरी एकाच वर्गात आणि एकाच शिक्षकाकडे. पुढच्या महिन्यातली शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, गणितावर घ्यायची ठरवली आहे. या वेळी अंगणवाडीच्या ताईंनाही बोलावते आहे, कारण पहिलीत जे अडतं त्याचं मूळ बऱ्याचदा त्याआधीच्या दोन वर्षांत असतं.

हा विषय डोक्यात का बसला ते सांगते. एका शाळाभेटीत पहिलीतल्या एका मुलाने मला एक ते पन्नास खाडखाड म्हणून दाखवलं. वहीत शंभरपर्यंत अंक लिहिलेले, अक्षर सुरेख. मी जमिनीवर चिंचोक्यांचा ढीग ओतला आणि म्हटलं, "मला सात दे." त्याने मूठ भरून माझ्या हातात ठेवली. म्हटलं, "मोज बरं, किती आहेत?" तो मोजायला लागला. तोंड पुढे आणि बोट मागे. एका चिंचोक्यावर दोन आकडे, दुसऱ्यावर एकही नाही. बारापर्यंत गेला आणि थांबला. "मग किती आहेत?" असं विचारल्यावर त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली. शेजारी उभे असलेले गुरुजी म्हणाले, "मॅडम, येतं त्याला, आज तुम्हाला बुजलाय." हे गुरुजी अतिशय कष्टाळू आहेत, शाळेसाठी पदरचे पैसे घालणारे. म्हणूनच मला जास्त काळजी वाटली.

निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाची उद्दिष्टं प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर आहेत: बालवाटिकेत (पहिलीच्या आधीच्या वर्षी) १० पर्यंत अंक ओळखणं, पहिलीत ९९ पर्यंत वाचन-लेखन आणि सोपी बेरीज-वजाबाकी. पण तिथवर मूल जातं कसं, यावर परिषदेत बोलणं होत नाही. प्रोजेक्टरवर स्लाइड फिरतात, गटचर्चा होते, अहवाल जातो.

तर मला विचारायचं आहे: तीन तास हातात असतील तर शिक्षकांकडून काय करून घ्यावं, की दुसऱ्या दिवशी वर्गात खरोखर काही बदलेल? आणि शाळांना मिळालेल्या गणित पेट्या (मणी वगैरे साहित्याच्या) कपाटात कुलूपबंद आहेत, त्या बाहेर कशा काढाव्यात?

---

खडूफळा

ताई, प्रश्नातच तुम्ही निम्मं उत्तर दिलंय. तुम्ही त्या मुलाकडे जसं पाहिलंत, तसं पाहायला शिक्षकांना वेळ द्या. मी डाएटमधून (जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतून) निवृत्त झालेय. प्रशिक्षणं भरपूर घेतली आणि भरपूर पाहिली. माझं ठाम मत आहे की लहान मुलांच्या गणिताचं प्रशिक्षण मुलांशिवाय घेऊ नये.

परिषद एखाद्या शाळेत सकाळी ठेवा, मुलं घरी जायच्या आत. प्रत्येक शिक्षकाला एक मूल द्या, पण स्वतःच्या वर्गातलं नको. आपल्या मुलाबद्दल आपण आधीच ठरवून बसलेलो असतो. समोर वीसेक चिंचोके. पंधरा मिनिटं. या वेळात शिकवायचं नाही, चूक सुधारायची नाही, "शाब्बास" म्हणायचं नाही. फक्त विचारायचं आणि बघायचं. चिंचोके ओळीत मांडून "मोज" म्हणा, मग "किती आहेत?" विचारा. तेच चिंचोके पांगवा आणि पुन्हा विचारा, "आता किती?" नंतर सगळे ढिगात ढकलून "मला पाच दे" म्हणा. पाच दिले तर आणखी दोन द्या आणि विचारा, "आता तुझ्याकडे किती झाले?" इथे बारकाईने बघायला सांगा: मूल पहिल्यापासून मोजतं, की "पाच, सहा, सात" असं पुढे जातं, की काही न मोजता सात म्हणतं. तिन्हींचं उत्तर सातच, पण तिघांच्या डोक्यात काय चाललंय ते पूर्ण वेगळं आहे. कागदावर बरोबर-चूक लिहायचं नाही. मुलाने काय केलं ते लिहायचं. "बोट दोनदा त्याच चिंचोक्यावर ठेवलं." "पांगवल्यावर म्हणाला, जास्त झाले." असं.

मग मुलं जेवायला जातील आणि शिक्षक ते कागद वाचतील. तुम्ही तेव्हा फारसं बोलू नका. तुमच्या त्या गुरुजींना "मुलाला येत नाही" असं तुम्ही सांगितलंत तर त्यांना लागेल. त्यांनी स्वतः पाहिलं तर ते स्वतःच बोलतील.

त्यानंतर थोडं शास्त्र सांगायला हरकत नाही, तेव्हा ते ऐकलं जातं. गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. शिक्षकांना त्यांची इंग्रजी नावं पाठ करायला लावू नका, वाक्यं द्या. एका वस्तूला एकच आकडा. आकड्यांचा क्रम ठरलेला. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्या मिळून तेवढ्या. काहीही मोजता येतं, टाळ्यासुद्धा. आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. तुमच्या त्या मुलाला दुसरं तत्त्व छान आलंय, पहिलं अर्धवट, तिसरं अजून नाही. पन्नासपर्यंत म्हणता येणं हे फक्त दुसऱ्याचं यश आहे. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं १९९० चं काम "मला इतके दे" याच प्रश्नावर उभं आहे. त्यांनी दाखवलं की मुलांना आधी फक्त "एक" कळतो, काही महिन्यांनी "दोन", मग "तीन", आणि त्यानंतर केव्हातरी मोजण्याचा उपयोग कशासाठी आहे हेच एकदम उमगतं. तोवर "पाच दे" म्हटलं की मूल मूठ भरून देतं. तुमच्या मुलाने तुमच्या हातात ठेवली ती हीच मूठ.

चहानंतर एक खेळ घ्या. याचा परिणाम मी दरवेळी पाहिलाय. फळ्यावर लिहा: क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ. (ङ आणि ञ मुद्दाम सोडलेत.) सांगा की आजपासून हेच आपले एक ते दहा, जुने आकडे मनातही आणायचे नाहीत. मग फळा पुसा आणि विचारा: ग अधिक च किती? ट मधून घ गेले तर किती उरले? सगळे पदवीधर, डी.एड., बी.एड. झालेले लोक. अर्ध्या मिनिटात टेबलाखाली बोटं हलायला लागतात. वजाबाकीला तर ट पासून मागे यायचं कसं तेच सुचत नाही, लोक परत क पासून सुरू करतात. कुणीतरी घाईने झ म्हणतं, दुसरं छ म्हणतं, तिसऱ्याचा चेहरा पडतो. तेव्हा थांबा आणि एवढंच विचारा, "आत्ता तुमच्या हातातून बोटं काढून घेतली असती तर?"

वर्गात बोटांवर मोजायला मनाई करणारे शिक्षक मला शेकड्याने भेटलेत. हा खेळ झाल्यावर ती मनाई बऱ्याच जणांची आपोआप सुटते. बोटं पाच-पाचची आहेत, कधी हरवत नाहीत आणि मुलाच्या स्वतःच्या अंगाला आहेत. सहा म्हणजे एक अख्खा हात आणि एक, हे पहिलीतल्या मुलाला जमलं की पुढचा दशकाचा रस्ता खूप सोपा होतो. सराव झाला की बोटं आपोआप सुटतात.

गणित पेटीबद्दल. पेट्या कुलपात असतात त्याचं कारण आळस नाही, भीती आहे. "साहित्य हरवलं तर भरून द्यावं लागेल", "तपासणीत मणी कमी निघाले तर?" हे मी कितीतरी ठिकाणी ऐकलंय. ही भीती तुम्ही, केंद्रप्रमुख म्हणूनच, काढू शकता. पुढच्या शाळाभेटीत भेटवहीत स्पष्ट लिहा की वापरात झालेली तूटफूट आणि हरवाहरव मान्य आहे, साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवावं. तुमची सही असलेलं ते एक वाक्य दहा भाषणांपेक्षा जास्त काम करेल.

---

अंगणवाडीताई_डहाणू

नमस्कार. मी सेविका आहे, आमच्या बीटमध्ये (अंगणवाड्यांच्या गटात) बहुतेक वारली पाडे. ताईंना परिषदेला बोलावताय हे वाचून फार बरं वाटलं. आम्हाला सहसा वजन-उंचीच्या नोंदी आणि मोबाइलमधली माहिती यासाठीच बोलावतात.

आमच्याकडे गणित आहाराच्या वेळी होतं. ताटं मी वाटत नाही, रोज एक मूल वाटतं. त्याला आधी विचारते, "किती ताटं आणशील?" सुरुवातीला पोरं एक-एक ताट घेऊन फेऱ्या मारतात. चालतं, मारू दे. काही दिवसांनी एखादी पोरगी दारात उभी राहून सगळ्यांवर बोट फिरवते आणि नऊ ताटं एकदम उचलून आणते. एक कमी पडलं तर कुणाला चूक सांगावी लागत नाही, ज्याच्यासमोर ताट नाही तोच ओरडतो.

हजेरीसुद्धा तशीच. दारात दोन डबे, बाटल्यांची बुचं भरलेली. आला की प्रत्येकाने आपलं बूच या डब्यातून त्या डब्यात टाकायचं. मग गोल बसून विचारायचं: आज किती आले, काल किती होते, कोण आलं नाही. "काल आठ होते, आज सहा, मग दोन कोण?" आणि पोरं त्या दोघांची नावं घेतात. वजाबाकी हा शब्द मी काढत नाही.

आणखी एक. आमच्याकडे अमृत आहार या सरकारी पोषण योजनेत अंडी येतात, त्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फेकू नका. एका ट्रेमध्ये ३० खळगे असतात, पाचाच्या सहा ओळी. दोन-दोन ओळी कापल्या की दहा खळग्यांच्या तीन पट्ट्या मिळतात. त्यात खडे ठेवायचे. सात ठेवले तर एक ओळ भरलेली, दुसरीत दोन, आणि तीन खळगे रिकामे. पोरं न मोजता सांगतात, "पाच नि दोन, तीन पाहिजेत." पट्टी ओली होऊ देऊ नका, नाहीतर लगदा होतो.

आमचा भाग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं घेऊनच बालवाडी चालवली. महागड्या साहित्याला पर्याय त्यांनी तेव्हाच शोधला होता. प्रशिक्षणात हे सांगितलं तर ताईंचा हुरूप वाढतो, असा माझा अनुभव आहे.

---

दिडकी

मी शिक्षक नाही, आजोबा आहे. सगळं वाचलं, पटलंही. पण एक शंका. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड अशा अपूर्णांकांचे पाढे) संध्याकाळी परवचा म्हणताना पाठ व्हायची. चिंचोके न मांडता आम्ही बाजारात तोंडी हिशेब करत होतो. आता पाठांतराला सगळेच नावं ठेवतात. शिवाय २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात तेवीसऐवजी "वीस तीन" आलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. भाषेतले शब्द अवघड म्हणून सोडून द्यायचे का?

---

खडूफळा

आजोबा, तुमची शंका रास्त आहे आणि ती परिषदेतही कुणीतरी काढेल, म्हणून सविस्तर लिहिते.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. आकड्यांचा क्रम तोंडपाठ असल्याशिवाय मोजताच येत नाही. पाढे पाठ असलेलं मूल चौथीत भागाकार करताना सुखी असतं. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. तुमच्या पिढीच्या घरात दाणे निवडणं, शेर-पायली मापणं, नाणी मोजणं हे परवचा म्हणायच्या आधीपासून आणि रोज चालू होतं. निमकी म्हणजे काय हे हाताला माहीत होतं, मग तोंडाने ते पक्कं केलं. आजच्या मुलाच्या आयुष्यातून मापायचं-मोजायचं काम निघून गेलंय आणि म्हणणं तेवढं उरलंय. ते काम शाळेत आणावं लागतं.

"वीस तीन"बद्दल. डॉ. मंगला नारळीकर पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, स्वतः गणितज्ञ, आणि मराठीवर त्यांचं प्रेम होतं. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती, त्यांच्या जोडीला दुसरी वाचनपद्धत दिली होती. त्यामागची अडचण पहिली-दुसरीचा कुठलाही शिक्षक सांगेल. तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी लिहायचे असतात. मूल ३२ लिहितं. एकोणचाळीस म्हणताना चाळीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात ३९. मूल ४९ लिहितं आणि मार खातं. खरं तर ते नीट ऐकून लिहीत असतं!

मी वर्गात दोन्ही वापरायला सांगते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधा, गठ्ठे मुलांनीच बांधायचे, तयार देऊ नका. दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवल्या की मूल म्हणेल, "दोन दशक तीन, वीस आणि तीन, तेवीस." ४० च्या शेजारी ३९ ठेवा, तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या. आणखी एक काडी दिली की चौथा गठ्ठा बांधता येतो. मग "एकोण" कुठून आलं ते मुलाला दिसतं, आणि शब्द जिवंत राहतो.

---

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळा ठरवली, तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलणंही झालं, मुलं सकाळी असतील. भेटवहीत लिहिण्याची सूचना तर मी उद्यापासूनच अमलात आणते.

दोन गोष्टी राहिल्या. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी पहिली आणि दुसरी सांभाळताना शिक्षक एका मुलाजवळ पंधरा मिनिटं बसणार कसा? उरलेली वीस मुलं काय करतील? आणि पालक. वहीत रोज शंभरपर्यंत लिहिलेलं दिसलं नाही तर ते शाळेत येऊन विचारतात, "आज काय शिकवलं?" शिक्षकांना या प्रश्नाचा खरोखर त्रास होतो.

---

अंगणवाडीताई_डहाणू

उरलेल्या मुलांसाठी खेळ द्या. आमच्या अंगणात चुन्याने एका ओळीत दहा चौकोन आखलेत, १ ते १० आकडे घातलेत. फाशाऐवजी चिंचोके: दोन चिंचोके दगडावर घासून फोडायचे, चार अर्धी होतात, एक बाजू पांढरी आणि एक काळी. चारही टाकायचे, जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढे. आमच्याकडे याला अष्टाचंगचे चिंचोके म्हणतात, तुमच्याकडे वेगळं नाव असेल. चारही काळे पडले तर मोठ्यांच्या खेळात आठ मिळतात, लहानांना आम्ही फक्त "पुन्हा टाक" म्हणतो. काही दिवसांनी पोरं पांढरे मोजतसुद्धा नाहीत, नजर टाकली की "तीन" म्हणतात. दुसरीची मुलं पहिलीच्या मुलांना खेळवतात, शिक्षक मोकळे.

---

खडूफळा

ताईंचा हा खेळ परिषदेत प्रत्यक्ष खेळा. याला चांगला आधारही आहे. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमानी या संशोधकांनी अमेरिकेत गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० चा असाच सरळ ओळीचा पट थोड्या थोड्या वेळाच्या चार बैठकांत खेळायला दिला. २००८ साली त्यांनी तो अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांची संख्यांची समज वाढली. तसाच पट आकड्यांऐवजी रंगांचा दिला, तेव्हा तो फायदा दिसला नाही. त्यात एक बारीक पण महत्त्वाची अट आहे, ती शिक्षकांना नीट दाखवा. मूल चारच्या घरात उभं आहे आणि दोन पडले, तर "एक, दोन" म्हणत उडी मारायची नाही. "पाच, सहा" म्हणायचं. म्हणजे घरातला आकडा म्हणायचा. बेरजेत पुढे मोजणं इथेच सुरू होतं. दुसरीवाल्यांना हा नियम सांगा, ते पहिलीवाल्यांकडून तो कडकपणे पाळून घेतात.

पंधरा मिनिटं रोज मिळणार नाहीत. रोज एका मुलाला पाच मिनिटं द्या. वीस-बावीस मुलांचा वर्ग महिन्यात एकदा फिरून होतो. वहीत प्रत्येक मुलाचं एक पान, तारीख, काय विचारलं, मुलाने काय केलं. बस. वेगळा तक्ता, वेगळा अहवाल मागू नका, ही माझी हात जोडून विनंती. तक्ता मागितला की शिक्षक तक्ता भरतात आणि मुलाकडे बघायचं राहतं.

पालकांना वहीतून उत्तर देता येणार नाही. त्यांना महिन्यातून एकदा परिपाठानंतर अर्धा तास थांबवा आणि त्यांच्याच मुलाला त्यांच्यासमोर "मला बारा दे" म्हणा. मूल दहाचा गठ्ठा उचलून वर दोन काड्या ठेवेल. आईला ते लगेच कळतं, तिने बाजारात तेच केलेलं असतं. ज्याला अजून जमत नाही त्याला सगळ्यांसमोर विचारू नका, त्याच्या आईला बाजूला घेऊन घरी ताटं कशी वाढायला लावायची ते सांगा.

घाटमाथा ताई, परिषदेसाठी चिंचोके आधीच गोळा करून ठेवा. प्रत्येक जोडीला वीस, वर थोडे जास्त. आणि अंगणवाडीच्या ताईंना शिक्षकांबरोबर जोडीने बसवा, मागच्या ओळीत वेगळं नको.